नदीत न गेलेला शंख

आमच्या घरातले देव नदीत गेले त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी मुंबईहून एक जिवंत खेकडा आणला. आणला म्हणजे आणला गेला. आपल्या पिशवीत काय आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

आम्ही पांढरकवड्याला, गावाच्या कडेच्या वस्तीत राहायचो. बाबा लाकूड डेपोत होते. जंगलातून आलेल्या सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानं छाप मारायचं त्यांचं काम. छप्पन साली ते वस्तीतल्या दहा-बारा जणांसोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी एक मोठी टोपली हातात घेतली. ती टोपली घेऊन ते घरोघर फिरले. टाक, मूर्ती, तसबिरी, मरीमायचे शेंदरी दगड, ज्याच्याकडे जे असेल ते त्या टोपलीत घालायचं आणि नदीत सोडून यायचं. सुरुवात आमच्याच घरापासून केली. देवळी रिकामी झाली, तिला चुना लावला, तिथे बुद्धाचा फोटो आला. बाबांइतका सरळ माणूस वस्तीत दुसरा नव्हता आणि इतका कडकही नव्हता. संध्याकाळी कंदील लागला की पंचशील म्हणायचं, आणि म्हणताना माझं लक्ष दुसरीकडे गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

घरात आम्ही तिघंच. पलीकडच्या खोलीत बाबांची थोरली वहिनी राहायची, माझी मोठीमाय. कुणी मायला विचारलं, लेकरं किती, तर माय माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "हे एवढी एकच पोट्टी." एकुलती एक असल्याचा मला बराच माज होता.

डिसेंबरात मुंबईला जायचा आमच्या लोकांचा रिवाज तेव्हा नुकता सुरू झाला होता. सत्तावन साली बाबा गेले. जाताना मी हटून बसले की माझ्यासाठी समुद्र आणा. बाबा कुणाला खोटं आश्वासन देत नसत, म्हणून ते म्हणाले, "समुद्र नाही आणता येत. त्याची वाळू आणीन." आणि खरंच, बिस्किटाच्या डब्यात ओली वाळू आणि मूठभर शिंपले-शंख भरून ते परत आले. मी तो डबा अंगणात उपडा केला. शिंपले मांडून झाले, पाणी प्यायला आत गेले, परत आले तर एक करडा शंख ओळीतून उठून चुलीच्या लाकडांकडे चालला होता.

मी किंचाळले. मोठीमाय धावत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खेकडा व्हय वो. येवढुसा हाये, पण तव्यावर टाकला त वास तं लागन भाकरीले."

आमच्याकडे नाल्यातले खेकडे खायचेच, त्यामुळे तिचं काही चूक नव्हतं. पण बाबांनी तिला हात लावू दिला नाही. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. प्राण्याची हिंसा करणार नाही असं रोज म्हणणारा माणूस, आणि त्यानंच एक जीव समुद्रावरून उचलून दोन दिवसांच्या प्रवासावर आणून टाकला होता. ते इतके ओशाळले की दुसऱ्या दिवशी त्यांनी डेपोतून येताना त्याच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. मला म्हणाले, "याले सांभाळाचं आता. पाहुणा हाये आपला." मग त्याचं नाव पाहुणाच पडलं.

पाहुण्याला सांभाळायचं कसं हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सांगितलं सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. त्या कोकणातल्या. माझं गळू कापायला गेलो तेव्हा मी पाहुण्याला खिशात घेऊन गेले होते, आणि त्याला पाहून बाई इतक्या खुलल्या की गळू कापायचं विसरल्या. त्या म्हणाल्या, "अगं, हा शंख त्याचा नाही. मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात राहतो. वाढला की मोठा शोधतो. नाही मिळाला तर जगत नाही." त्यांनीच सांगितलं की त्याला प्यायला एक भांडं साध्या पाण्याचं आणि एक खडेमीठ घातलेल्या पाण्याचं ठेव, वाळू ओली ठेव, आणि तो वाळूत दडून बसला तर उकरू नकोस, कात टाकत असेल. खोबरं आवडतं म्हणाल्या. नारळ आमच्या घरी देवापुरताच यायचा. देव गेले, त्यांच्याबरोबर नारळही गेला. पाहुण्याला आम्ही ज्वारीची भाकरी, शेंगदाणे आणि बाजारातले सुके झिंगे घातले. तेही तो खायचा.

फुटकं घमेलं मी वाळूनं भरलं. थंडीत ते चुलीशेजारी, उन्हाळ्यात माठाखाली, वरून ओलं पोतं. आमच्याकडचा उन्हाळा माणसांनाच झेपत नाही. दुपारी शाळेतून धावत यायचं ते पोतं भिजवायला. मे महिन्यात तो वाळूत गेला आणि महिनाभर दिसला नाही. माय म्हणाली, मेला असन. मोठीमाय म्हणाली, वास नाही येत, म्हणजे नाही मेला. पावसाच्या तोंडावर तो वर आला, फिकट, नवा, आणि चांगलाच मोठा.

तिथून माझी काळजी सुरू झाली. आधी कुणी जवळ आलं की तो आत शिरायचा आणि मोठ्या नांगीनं शंखाचं तोंड बंद करून घ्यायचा. आता त्याला आत मावताच येत नव्हतं. नांगी बाहेर, पाय बाहेर. आमच्या कोंबडीनं एकदा त्याला चोच मारली आणि पायाचा तुकडा घेऊन पळाली. मी नाल्याकाठी जाऊन गोगलगाईंचे शंख आणले. ते इतके पातळ की त्यानं नांगी लावताच कड तुटायची. बाजारात एक बंजारी बाई झिंगे विकायला बसायची, तिच्या चोळीवर कवड्या होत्या. मी इतकी मागे लागले की तिनं हसत हसत दातानं दोरा तोडून एक कवडी दिली. पाहुण्यानं ती चहूबाजूंनी चाचपली. कवडीचं तोंड म्हणजे नुसती चीर, त्यात कोण शिरणार? नर्सबाईंनी सांगितलेलं "जगत नाही" माझ्या कानातून जात नव्हतं. शाळेत पाढे म्हणताना रडू यायचं. मास्तरांनी त्याचा अर्थ वेगळाच घेतला आणि मला पाढ्यांतून सूट दिली.

पोळा झाला होता. माय निंदायला गेली होती. तिच्या पत्र्याच्या पेटीत मी सुईदोरा शोधत होते, कशाला ते आता आठवत नाही. तळाशी, तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत, एक लहानसं टोपडं होतं आणि टोपड्यात गुंडाळलेला एक पांढरा शंख होता. मुठीत मावेल एवढा, गुळगुळीत, एका बाजूला निमुळती चोच आणि पाठीवर शेंदराचा पुसट डाग. मी दुसरा विचार केला नाही. टोपडं जागेवर ठेवलं आणि शंख नेऊन घमेल्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा त्या शंखात होता, पुरता आत, नांगीनं तोंड बंद करून. त्याचा जुना शंख बाजूला रिकामा पडला होता. मी आनंदानं तो अंगणात भिरकावला आणि तो दगडावर आपटून फुटला.

मायला दाखवायला मी घमेलं तिच्यासमोर नेलं. मायनं पाहिलं, आणि ती जिथे होती तिथे खाली बसली. मग उठून तिनं मला एक थोबाडीत दिली. माझ्या मायनं मला मारलं ते पहिल्यांदाच. मी गाल धरून उभी, आणि माय पेटी उघडून ते टोपडं नाकाला लावून बसलेली.

मोठीमायनं मला तिच्या खोलीत ओढून नेलं आणि सांगितलं. माझ्या आधी एक पोरगा झाला होता. त्याला ओढता येत नव्हतं, तोंडात जोर नव्हता. मायचं माहेर अदिलाबादकडचं. तिकडे तान्ह्या लेकराला लहान शंखातून दूध पाजायची रीत आहे, निमुळत्या टोकाकडून थेंब थेंब. तिच्या आईनं हा शंख पाठवला होता.

"रातदिवस त्याले शंखानं पाजत बसे तुही माय," मोठीमाय म्हणाली. "नाही वाचला. मंग तिनं शंख देवात ठेवला. देव नदीत सोडले त्या दिवशी टोपलीतून हळूच काढून घेतला. मले दिसलं, मी बोलली नाही. तुह्या बापाले नोको सांगू."

"बाबाले माहीत नाही भाऊ होता ते?"

"माहीत कसं नाही? पुरून आला अन् दुसऱ्या दिवशी कामावर गेला. तवापासून त्या लेकराचं नाव नाही काढलं त्यानं तोंडातून."

मला भाऊ होता आणि मी त्याच्या तोंडातलं भांडं एका खेकड्याला देऊन टाकलं होतं. मला जेवण गेलं नाही. परत आणू म्हटलं तर आणायचं कसं? पाहुणा आत, आणि ओढलं तर तुटेल पण सोडणार नाही, हे नर्सबाईंनी आधीच बजावलं होतं. मायनं मात्र तो विषय पुन्हा काढला नाही. घमेल्यापाशी बसून कधी कधी ती त्याच्याकडे पाहायची. तो चालताना शंख हळूहळू डुलायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तर घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण रविवारी आमच्या अंगणात बैठक असायची. वस्तीतले पुरुष पोत्यांवर बसायचे, बाबा उभे राहून बोलायचे. त्या रविवारी बाबा एका घराबद्दल बोलत होते. त्या घरच्यांनी ज्वारी साठवायच्या ढोलीत खंडोबाचा टाक लपवून ठेवला होता, असं कुणीतरी आणून सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "पाय एका डोंगीवर ठेवाचे. दोन डोंगीवर ठेवणारा बुडते. माझ्या घरात काही उरलं नाही, कोणीबी येऊन पाहा."

आणि माठाखालून, ओल्या पोत्याच्या कडेखालून, शंख बाहेर आला. दिवस मावळतीला लागला की पाहुणा फिरायला निघायचा, ते मी विसरले होते. पांढरा शंख, शेंदराचा डाग वर, अंगण ओलांडून सरळ बैठकीच्या मध्ये. मग पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याचे हात आपोआप जोडले गेले. जोडले गेलेले त्याला स्वतःला कळले तसे त्यानं ते झटकन मांडीखाली घातले. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

बाबांनी शंख उचलला. उलटा करून पाहिला. त्यांना शेंदूर दिसला.

"हा कोणाचा?"

"माझा हाये," माय दारातून म्हणाली.

बाबांनी बैठक तिथेच मोडली.

त्या दिवशी आमच्या घरात आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. बाबा एवढंच म्हणाले की तू मला चार माणसांत खोटं पाडलंस. माय म्हणाली, "देव म्हणून नाही ठेवला मी. तुमाले माहीत हाये कशाचा हाये तो."

बाबा कंदिलाची काच पुसू लागले.

"का तुमाले आठवत बी नसन आता," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दोन बाया हळदकुंकवाची कोयरी घेऊन दारात उभ्या राहिल्या. चालणारा शंख कुठे आहे, विचारत होत्या. देव बुडवणाऱ्याच्या घरी देव चालत आला, अशी बातमी बाजारापर्यंत गेली होती. बाबांनी हात जोडून त्यांना वाटेला लावलं, आणि आत येऊन सांगितलं की येत्या रविवारच्या आत त्या जिवाला दुसरं घर द्या. शंख नदीत जाईल आणि तो मी सगळ्यांसमोर सोडीन. लोक आता त्यांना रस्त्यात विचारत होते, काय, अजून काही निघालं का घरातून?

म्हणजे पाहुणा आत राहिला तरी शंख मायचा नव्हता आणि बाहेर निघाला तरी तो नदीत जाणार होता. मी दहा वर्षांची होते. मी ठरवलं की पाहुण्याला कोणी नसताना बाहेर काढायचं, शंख मायच्या पेटीत परत लपवायचा, आणि बाबांना सांगायचं की शंख घेऊन खेकडा पळून गेला. मोठीमायला विचारलं, खेकडा बाहेर कसा काढायचा? ती म्हणाली, "शेंड्याले इस्तू लाव. आपोआप येते." तिला वाटलं असावं की मी शेवटी शहाणी झाले, आता खेकडा तव्यावर टाकणार.

माय विहिरीवर गेली तशी मी चिमट्यानं निखारा काढला आणि शंखाच्या टोकाला लावला. सुरुवातीला काही झालं नाही. मग आत खरखर झाली. नांगी बाहेर आली, पाय आले, तो घमेल्याच्या कडेवर चढायला धडपडला, मी निखारा काढला नाही. मी हे लिहिताना थांबले होते. पण खरं तेच आहे, निखारा मी काढला नाही. आणि एकदम तो सगळाच्या सगळा बाहेर पडला, चुलीपुढच्या राखेत.

त्याला असं मी कधीच पाहिलं नव्हतं. पुढून खेकडा, आणि मागे नुसतं मऊ, फिकट, वळलेलं पोट. कवच नाही, केस नाही, काही नाही. राखेत ते पोट आखडत होतं. दोन पाय त्याच्या अंगापासून सुटून बाजूला पडले होते आणि तो उरलेल्या पायांनी कुठेतरी आत शिरायला जागा शोधत होता. चुलीच्या दगडाखाली, माझ्या परकराखाली.

पाठीमागे घागर ठेवल्याचा आवाज झाला. माय आत आली होती. मी म्हणाले, "माय, तुहा शंख," आणि तो तिच्यापुढे धरला.

मायनं तो घेतला, पण पाहिलं त्याच्याकडे नाही. ती राखेकडे पाहत होती. मग ती एकदम बोलली, "अवो, उघडं पडलं नं लेकरू!" शंख तिनं घागरीत बुडवला, थंड केला, गालाला लावून पाहिला. खाली बसली आणि त्याच्यापुढे शंखाचं तोंड धरलं. तो येईना. कसा येणार, आताच तिथे भाजला होता. माय हलली नाही. शंख किंचित तिरपा धरून, दुसरा तळहात खाली आधाराला देऊन, ती बसून राहिली. भाकरी करायची वेळ टळून गेली. शेवटी त्यानं नांगीनं कड चाचपली, फिरून पाठ केली आणि मागच्या मागे आत सरकला.

"असीच बसत व्हती मी," माय म्हणाली. "थेंब घेतला का नाही घेतला, कळत नसे." आणि ती रडली, मोठ्यानं, पदर तोंडावर न घेता. मीही रडले. मोठीमाय दारापर्यंत येऊन परत गेली.

बाबा डेपोतून आल्यावर मायनं त्यांना पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "शंख मी देतो. पण नदीत नाही अन् तुमच्या हातानं नाही. डिसेंबरात मुंबईले मी सोता येतो, ज्याचा जीव हाये त्याच्या संगं समुद्रात सोडतो. तवरोक त्याले घरातून काढाचं नाही. तुमच्या पंचशिलात पयलंच ते हाये."

बाबांनी राखेत पडलेले ते दोन पाय पाहिले. कोणी केलं हे विचारलं नाही. माझा चिमटा तिथेच पडला होता.

रविवारी ते बैठकीत उभे राहिले. म्हणाले, "माझ्या घरात एक वस्तू उरली होती. मले माहीत नव्हतं, पण मी छाती ठोकून सांगत होतो. ती डिसेंबरात जाईल." कोणीतरी मागून म्हणालं की मग दुसऱ्यांच्या ढोल्या कशाला तपासता? बाबा खाली बसले. त्यानंतर त्यांनी ती टोपली पुन्हा कुणाच्या दारी नेली नाही. मायनं तिच्यात गोवऱ्या भरल्या.

तीन महिने मी पाहुण्याची जी सेवा केली ती सगळी भीतीपोटी. दोन पाय गेल्यावर तो वाकडा चालायचा, खायचा कमी. मरू नये म्हणून मी मिठाचं पाणी दिवसातून दोनदा बदलायचे. आणि त्याच वेळी, पाणी बदलता बदलता, मनात यायचं की हा मेला तर शंख मोकळा होईल, आणि मोकळा शंख माय पुन्हा कुठेतरी लपवेल. मग मी घाबरून पुन्हा पाणी बदलायचे. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही.

डिसेंबरात आम्ही तिघं निघालो. मोटारीनं वर्धा, तिथून रेल्वे. माय त्याआधी कधी रेल्वेत बसली नव्हती. तिनं पाहुण्याचा बिस्किटाचा डबा मांडीवर घेतला तो दादरपर्यंत खाली ठेवला नाही. तिथे चौपाटीवर आमच्या माणसांची एवढी गर्दी की वाळू दिसत नव्हती. रांगेत उभं राहून आम्ही फुलं वाहिली, आणि मग किनाऱ्यानं चालत चालत जिथे खडक लागतात आणि माणसं विरळ होतात तिथे गेलो. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

मायनं पाहुण्याला ओल्या वाळूवर ठेवलं. तो बराच वेळ बंदच राहिला. बाबा आमच्यापासून दूर गेले. मला वाटलं त्यांना हे बघायचं नाही. पण ते वाकून वाकून काहीतरी वेचत होते. परत आले तेव्हा त्यांच्या धोतराच्या ओच्यात पाच-सहा रिकामे शंख होते, लहान-मोठे, तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांचे. मायकडे न बघता त्यांनी ते पाहुण्यापुढे एका ओळीत मांडले. तोंडं त्याच्याकडे करून. आणि उकिडवे बसून वाट पाहू लागले.

यातला एखादा पाहुण्याला आवडला तर मायचा शंख मोकळा होणार होता, हे मला कळायला वेळ लागला. मायला लगेच कळलं. ती बाबांकडे पाहत राहिली.

पाहुणा उघडला. पहिल्या शंखापाशी गेला, मिशांनी चाचपला, आत नांगी घालून पाहिली. दुसऱ्यापाशी गेला. तिसऱ्यापाशी तो इतका वेळ थांबला की बाबा पुढे झुकले आणि त्यांचे ओठ हलले. मग तिसराही त्यानं सोडला. सगळे शंख पाहून झाल्यावर तो वळला आणि मायचा शंख पाठीवर घेऊन, वाकडा चालत, खडकांच्या सांदीत गेला. पांढरं काहीतरी थोडा वेळ दिसत होतं. मग लाट आली आणि ते दिसेनासं झालं.

"त्याले बरोबर बसला तो," माय म्हणाली. बाबांनी मांडलेले शंख एकेक करून गोळा केले आणि जिथून आणले होते तिकडे नेऊन ठेवले.

परतीच्या गाडीत मनमाडच्या पुढे समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसली. उन्हं चांगली वर आली होती. तिनं आम्हाला पेरू दिले, आम्ही तिला भाकरी दिली. कुठल्या, कुठं गेल्या होत्या, असं सगळं झालं. बाबा खिडकीशी बसून बाहेर पाहत होते.

"लेकरं किती तुम्हाला?" बाईनं विचारलं.

मायनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"दोन," माय म्हणाली. "हे धाकटी. हिच्या आधी पोरगा व्हता. चाळीस दिवसाचा होऊन गेला."

बाई च्च च्च करायला लागली. बाबांनी खिडकीकडून मान वळवली नाही.

"बेचाळीस," ते म्हणाले.